मुकं लग्न घेऊन डहाणूला

माझा मोठा भाऊ, आमचा अण्णा, गेल्या पावसाळ्यात गेला. शेवटी शेवटी तो फारसं बोलत नसे, पण एक गोष्ट मात्र त्यानं मला पुन्हा पुन्हा सांगितली. त्या लोकांना सिनेमा दाखवायचा राहिला, म्हणायचा. ते लोक म्हणजे डहाणूच्या आत, गंजाडच्या पुढे एका पाड्यावर राहणारे वारली. सिनेमा म्हणजे अण्णानं तेविसाव्या वर्षी उसन्या कॅमेऱ्यावर काढलेली छोटी काळीपांढरी फिल्म. पाड्यावरचं एक लग्न. निघताना त्यानं त्यांना सांगितलं होतं, तयार झाली की इथं येऊन पडदा लावून दाखवतो. मग आयुष्यभर तो जाहिरातींच्या फिल्मा काढत राहिला आणि तिकडं जाणं काही झालं नाही.

ते साल अडुसष्ट. पॅरिसात विद्यार्थ्यांनी रस्त्यातले दगड उपसले होते, प्रागमध्ये रणगाडे शिरले होते. आमच्या दादरच्या दोन खोल्यांत ह्या गोष्टी पोचायच्या त्या अण्णाच्या मित्रांबरोबर. ते एक अनियतकालिक काढत. सायक्लोस्टाईलच्या शाईचा वास आमच्या उशांनासुद्धा यायचा. मी तेरा वर्षांची होते. चहा नेऊन द्यायचा आणि दाराशी बसून ऐकायचं. जुनी कविता मेली, संगीत नाटक मेलं, सिनेमातली गाणी म्हणजे लोकांना झोपवायची गुंगी, असं ते बोलत आणि मला वाटायचं, सकाळपर्यंत ह्यातलं काही शिल्लक राहणार नाही. एकजण छपाईच्या ठशांसाठी लिनोवर उगारलेल्या मुठी कोरायचा. एक कवी होता, तो पूर्णविराम देत नसे. आणि रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात काम करणारा मधुकर होता. त्याच्याकडं स्वतःचं टेप मशीन होतं, हे त्या मंडळींत फार मोठं भांडवल होतं. त्याला मी मधूदादा म्हणते. त्या सगळ्यांपैकी आता तो एकटाच उरला आहे.

म्हणून ह्या डिसेंबरात मी त्यालाच बरोबर घेतलं. ऐंशी वर्षांचा माणूस, गुडघ्यांनी थकलेला, पण मी फोन केला तेव्हा त्यानं एकदाही "बघू" म्हटलं नाही. भाच्यानं फिल्मवरून करून दिलेली प्रत माझ्या लॅपटॉपवर होती. पुण्याहून निघून मी त्याला ठाण्यात गाडीत घेतलं आणि दुपारी उशिरा आम्ही डहाणूत पोचलो.

डहाणू

डहाणूत पहिल्यांदा नाकात शिरतो तो चिकूचा वास. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वाड्या, बांबूच्या टोपल्यांत पेंढा घालून रचलेले चिकू, आणि भाव करणारी बाई एका दमात गुजराती, मराठी, हिंदी तिन्ही बोलते. मी मराठीत विचारलं तर तिनं मराठीत भाव सांगितला, आणि मधूदादानं उगीच गुजरातीत विचारलं तर त्याला तोच भाव गुजरातीत. आम्ही दोघंही हसलो. प्रवासातलं ते आमचं शेवटचं मोकळं हसणं.

उतरलो त्या हॉटेलात भिंतीवर, पडद्यांवर, अगदी चहाच्या कपांवरसुद्धा वारली चित्रं होती. त्रिकोणी माणसं हातात हात घालून गोल नाचताहेत. मॅनेजरला मी विचारलं, कोणी काढली. तो म्हणाला, पडदे सुरतेहून येतात.

संध्याकाळी सुरूच्या झाडांखाली समुद्रासमोर बसलो. ओहोटी होती. पाणी इतकं मागं गेलेलं की समुद्र आहे हे माहीत असावं लागतं. दूर वीजकेंद्राची चिमणी. मधूदादा त्या साली ते कसे आले होते ते सांगू लागला. मुळात त्यांना क्रांतीवर फिल्म करायची होती. तलासरीच्या बाजूला वारल्यांनी एके काळी सावकार-जमीनदारांविरुद्ध केलेला लढा त्यांनी ऐकला होता. त्या लढ्यातली माणसं शोधायची, गवत कापणाऱ्यांचे हात दाखवायचे, असं ठरलं होतं. एसटीनं आले, मग जड मशीन पाठीवर घेऊन चालत राहिले. पाड्यावर पोचले तर गवत कापायला कोणी नव्हतं. सगळे पाड्यावरच्याच एका लग्नात.

"श्रीधर म्हणाला, क्रांती नाही तर नाही, लग्न घेऊ," मधूदादा म्हणाला. श्रीधर म्हणजे आमचा अण्णा.

तलासरी

तलासरीत आम्हाला सविताकडं जायचं होतं. सविता जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, स्वतः वारली, वय चाळिशीच्या आतबाहेर. भाच्याच्या ओळखीतून तिचा नंबर मिळाला होता. फिल्ममधल्या चेहऱ्यांचे फोटो मी तिला पाठवले, तिनं ते गावोगावच्या ग्रुपवर टाकले, आणि महिन्याभरात गंजाडपलीकडच्या एका पाड्यावरून निरोप आला, ही बाई आमची.

तिच्या शेजारच्या घरावर लाल बावटा होता, उन्हानं गुलाबी पडलेला. सविताच्या सासूनं तांदळाची भाकरी, उडदाची आमटी आणि सुकटीची चटणी वाढली. आमच्याकडं पाहुण्याला आग्रह करतात, इथं कोणी आग्रह केला नाही. सासू फक्त माझ्या ताटाकडं बघत राहिली आणि भाकरी संपायच्या आत दुसरी येऊन पडली.

जेवण झाल्यावर सवितानं फिल्म पाहिली. लग्नाचा चौक लिहिणाऱ्या सुवासिनी, तांदळाच्या पिठात बुडवलेली काडी, शेणानं सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर उमटत जाणारी देवी. वारली लोक चित्र काढतात म्हणत नाहीत, लिहितात म्हणतात. भिंतीसमोर बसून एक बाई गाते आहे. ती धवलेरी. सवितानं मला समजावून सांगितलं, आमच्यात लग्न लावते ती धवलेरी, बाई. तिची गाणी झाल्याशिवाय लग्न लागत नाही. माझ्या डोळ्यांसमोर आमच्याकडचा अंतरपाट आला, मंगलाष्टकं म्हणणारे भटजी, आणि कोपऱ्यात अक्षता वाटणाऱ्या आम्ही बायका. सवितानं पुढं सांगितलं की आता धवलेऱ्या फार थोड्या उरल्या. तिच्या स्वतःच्या लग्नात तिला हवी होती, पण मिळाली नाही. हार घातले, डीजे लावला, झालं.

मग तिनं विचारलं, गाणी कुठं आहेत.

ह्या प्रश्नाचं उत्तर मधूदादाकडं तयार होतं. गेली पन्नासपेक्षा जास्त वर्षं तो ही गोष्ट सांगत आला आहे, अण्णाही सांगायचा, आणि दरवेळी सगळे हसायचे. त्या काळी आवाज वेगळ्या टेपवर घ्यावा लागे. यांच्याकडं टेप एकच होती. लग्नातली सगळी गाणी तिच्यावर घेतली. मुंबईला परत आले त्याच आठवड्यात पूर्णविराम न देणाऱ्या कवीचं गच्चीवर वाचन ठरलं. नवी टेप घ्यायला कोणाकडं काही नव्हतं. मग तीच लावली, आणि धवलेरीच्या डोक्यावर कवी चढून बसला.

मधूदादानं नेहमीच्या ठिकाणी थांबून नेहमीसारखं हसून पाहिलं. सविता हसली नाही. लॅपटॉपवर थांबलेल्या चित्रातल्या धवलेरीवर तिनं बोट ठेवलं. मग म्हणाली, उद्या तिथं ही गोष्ट अशी सांगू नका. ज्या बाईकडं आपण जाणार ती ह्या धवलेरीची मुलगी आहे. तुम्ही पाठवलेला सोडला तर आईचा एक फोटोसुद्धा तिच्याकडं नाही. फिल्म येणार म्हटल्यापासून ती आईला ऐकायची वाट बघते आहे, आणि आवाज नाही हे आता तिला कसं सांगावं ते मला सुचत नाही.

परतीच्या वाटेवर, डहाणू येईपर्यंत, मधूदादा खिडकीबाहेर बघत होता. "ती हसली नाही ना," म्हणाला.

गंजाडच्या पुढे

सकाळी सविता चारोटीला आम्हाला येऊन मिळाली. तिथल्या नाक्यावर अहमदाबादकडं जाणारे ट्रक, वडे तळणाऱ्या टपऱ्या आणि मागं महालक्ष्मीचा सुळका. तिथून आत वळलं की दहा मिनिटांत हमरस्ता जणू कधी नव्हताच. भात कापून झालं होतं. शेतांत नुसते धसकटांचे चौकोन, माचांवर रचलेला पेंढा, ताडांची रांग. मधूदादानं चार ठिकाणी "हेच" म्हटलं आणि चारही ठिकाणी ते ते नव्हतं. शेवटी एका वळणावर सवितानं गाडी थांबवली. पुढं पायवाट होती. मधूदादाच्या गुडघ्यांसाठी आम्ही फार हळू चाललो.

बाईचं नाव बारकी. घरकुल योजनेतलं विटांचं घर पुढं आणि जुनं कुडाचं मागं. ती मागच्यातच राहते. पासष्टीची असेल, अंगानं लहान, पाय रुंद आणि भेगाळलेले. तिचा मुलगा सुरेश चारोटीच्या एका गॅरेजात काम करतो, त्यानं त्या दिवशी खाडा केला होता. घरच्यांशी ती तिच्या बोलीत बोलायची, आमच्याशी बाजारच्या मराठीत. त्या मराठीत अहो-जाहो नव्हतं. मला तू, मधूदादाला तू. मला ते बरं वाटलं.

तिनं आधी चहा दिला, मग आपलं सांगितलं. फिल्म घेतली तेव्हा ती सातआठ वर्षांची असावी. कॅमेरावाले आले होते एवढं आठवतं, त्यातल्या एकानं तिला लिमलेटची गोळी दिली होती. आई त्यानंतर थोड्याच वर्षांत तापानं गेली. मग बाप सगळ्यांना घेऊन वीटभट्टीवर जाऊ लागला. भात झालं की निघायचं, पाऊस आला की परतायचं. पाड्यावरची लग्नं सगळी त्याच महिन्यांत. त्यामुळं लग्नात बसून गाणी कानावर पडायची तीही पडली नाहीत. लोक तिला म्हणत, तू धवलेरीची पोर, तुला येत असतील. तिला येत नव्हती.

हे तिनं तक्रार म्हणून नव्हे, वाट सांगावी तसं सांगितलं.

भाच्यानं आग्रहानं दिलेला छोटा प्रोजेक्टर मी आणला होता. अण्णानं पडद्याचं कबूल केलं होतं म्हणून धुतलेली पांढरी चादरही आणली होती. सुरेशनं ती कुडाला बांधली. पण वीज इतकी मंद होती की चादरीवर राखाडी डागापलीकडं काही उमटेना, आणि मग प्रोजेक्टर बंदच पडला. शेवटी उलट्या टोपलीवर लॅपटॉप ठेवला आणि सगळे त्याच्याभोवती दाटीनं बसले. बारकी सगळ्यांत पुढं, मांडी घालून, तोंड पडद्याच्या अगदी जवळ.

सुरुवातीला गंमत होती. कुत्रा दिसला, तो कोणाचा यावर वाद झाला. नवरा दिसला, त्याचा नातू तिथंच बसला होता, त्याला सगळ्यांनी ढोसलं. मग भिंत आली, भिंतीसमोर धवलेरी आली, आणि मागचे गुडघ्यांवर उठून बघू लागले.

आईचा चेहरा बारकीनं खूप वेळ पाहिला. मग सुरेशकडं मान वळवून म्हणाली, "आवाज मोठा कर."

सुरेशनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणाले, बाई, ह्याला आवाज नाही.

ती पुन्हा पडद्याकडं वळली. मला वाटलं, तिला कळलं नसेल. पण कळलं होतं. ती आईच्या ओठांकडं बघत होती. धवलेरी गात होती, जवळून घेतलेलं चित्र होतं, ओठ, हनुवटी, गळ्यातले मणी. बारकीनं सुरेशला मागं घ्यायला सांगितलं. पुन्हा पाहिलं. पुन्हा मागं. तिसऱ्याचौथ्यांदा तिचे स्वतःचे ओठ हलू लागले, आणि मग तोंडातल्या तोंडात, आधी नुसता सूर, मग शब्द आले :

पाटावर बसली गं नवरी
चांद सूर्य लिवा गं कुडावरी

कोपऱ्यातली एक म्हातारी "हां, हां" म्हणाली. बारकीचा हात वर झाला, गप्प म्हणून. ती पुढच्या ओळीला लागली होती. धवलेरीचे ओठ उघडले, आणि कॅमेरा तिथून निघाला.

तो हळूहळू भिंतीवरून सरकत दारातून बाहेर गेला आणि ताडाच्या खोडाशी थांबला. खोडावरून एक मुंगळा वर चढतो. कॅमेरा त्याच्याबरोबर चढतो, चढत राहतो, वर ताडीच्या मडक्यापर्यंत, मडक्यावरून आभाळापर्यंत. त्या एका दृश्यासाठी अण्णाचे मित्र त्याला डोक्यावर घेऊन नाचले होते. मीसुद्धा ते किती वेळा पाहिलं असेन. इतकी वर्षं मला त्या फिल्ममधलं सगळ्यांत सुंदर तेच वाटत होतं. त्या दिवशी ते मला पहिल्यांदा लांब वाटलं. मुंगळा संपेना.

बारकी थांबून राहिली. कॅमेरा परत आत आला तेव्हा आई लोट्यातून पाणी पीत होती.

"तो तिकडं काय बघत होता?" तिनं मला विचारलं.

झाड, मी म्हणाले. त्याला ते चांगलं दिसलं असेल.

"आय गात होती," ती म्हणाली. रागानं नाही. मी ऐकलं नसेल म्हणून पुन्हा सांगावं, तसं.

माझा भाऊ वाईट माणूस नव्हता. त्या वयात त्याला वाटत होतं की कॅमेऱ्यानं कोणाचंच ऐकू नये, गाणाऱ्याचंसुद्धा नाही, आणि ह्यालाच तो स्वातंत्र्य म्हणत असे. हे मी तिला कसं सांगणार होते? बोलला तो मधूदादा. तो भिंतीला टेकून बसला होता, तिथून हातांवर जोर देत पुढं सरकला, अगदी तिच्यासमोर आला.

"तुमच्या आईचा आवाज आम्ही घेतला होता," तो म्हणाला. "माझ्याच मशीनवर. सगळी गाणी. मग त्याच टेपवर मी दुसरं भरलं. खालचं पुसलं गेलं."

सवितानं ते तिच्या बोलीत पुन्हा सांगितलं. बारकीनं मधूदादाकडं नीट पाहिलं, बहुधा गोळी देणारा हाच का ते आठवत असेल.

"काय भरलं?" तिनं विचारलं.

"आमच्या मित्राची कविता."

"कशाची?"

"गरिबांची," मधूदादा म्हणाला. "राबणाऱ्यांची. भुकेल्यांची."

"मग म्हण."

मला आधी वाटलं, ती टोमणा मारते आहे. तसं नव्हतं. आईच्या जागी जे आलं ते तिला ऐकायचं होतं. तिनं पदर सारखा केला आणि ऐकायला बसतात तशी बसली. तिच्यामागं सगळे बसले.

मधूदादानं डोळे मिटले. त्याच्या कपाळावर आठ्या आल्या, ओठ हलले, एक हात गुडघ्यावर ठेका धरावा तसा पडू लागला. मी पण आठवून पाहिलं. दाराशी बसून मी ती कविता किती वेळा ऐकली होती. त्यात आग होती, रस्ते होते, मुंबईची कुठली तरी रात्र होती. एक ओळही येईना. अनियतकालिक दोनचार अंकांत बंद पडलं. कवी तरुणपणीच दारूत गेला. ती टेप पुढं मशीनसकट कोणीतरी नेली.

"आठवत नाही," मधूदादा शेवटी म्हणाला. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तो ते पुसत नव्हता.

बारकीनं पदर खोचला.

"म्हणजे दोन्ही गेली," ती म्हणाली, आणि भात टाकायला उठली.

आम्ही जेवूनच निघालो. नव्या तांदळाचा भात, तुरीची आमटी, ताज्या वालाच्या शेंगा. मधूदादाच्या पानात तिनं सगळ्यांत आधी वाढलं. तो खाली मान घालून जेवला. सुरेशनं फिल्म फोनमध्ये घेतली आणि मला विचारलं, आईला फक्त तिची आई हवी आहे, बाकीचं कापू का. मी हो म्हणाले. त्यानं धवलेरीच्या आधीचं आणि झाडापासून पुढचं सगळं काढून टाकलं. जे उरलं ते मिनिटभराचंसुद्धा नव्हतं.

उन्हं कलताना आम्ही पायवाटेनं निघालो. सविता मधूदादाला धरून पुढं गेली. मी चादर घडी करायला मागं थांबले होते. बारकी उंबऱ्यावर फोन घेऊन बसली होती. आई संपायची, ती अंगठा लावायची, आई पुन्हा सुरू व्हायची. जाते म्हणून मी तिच्याजवळ वाकले आणि विचारलं, पुढची ओळ सापडली का.

"नाही," ती म्हणाली. "पण तोंड असं होतं."

आणि तिनं मान थोडी वर करून ओठ हलवून दाखवले, आवाज न काढता.